कोरी करकरीत

आपल्या भाषेला आवाजांची मोठी हौस आहे. भांडे पडते ते खणकन, दार लागते ते धाडकन. पाने सळसळतात, पैंजण छुमछुमतात, पोटात गुडगुडते आणि दुखणेकऱ्याच्या छातीत घरघर लागते. नारळात पाणी आहे की नाही हे आपण कानाशी धरून ठरवतो, माठ घेताना टिचकी मारून पाहतो, आणि पूर्वीची माणसे रुपयासुद्धा दगडावर वाजवून घेत. जगातल्या बऱ्याच खऱ्याखोट्याचा निवाडा आपल्याकडे कानाने होत आला आहे. ध्वनिदर्शक शब्दांची ही यादी मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. सहामाहीला त्यावर दोन गुणांचा एक प्रश्न येतो, मुले तो पाठ करतात आणि विसरतात. या यादीतला एक शब्द एका मोटारीची खोड काढील, असे मात्र मला कुणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते.

मोटार आमचीच. नवी, म्हणजे अगदी कालची नव्हे. साठ हप्त्यांपैकी नऊ फेडून झालेली आणि साडेसहा हजार किलोमीटर धावलेली. माझ्या कादंबऱ्यांच्या मानधनावर तिचे एखादे चाक आले असते की नाही, याची मला शंका आहे. बाकीची सगळी गाडी मास्तरकीच्या पगारातून आली. हौस म्हणून ती घेतली नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यांना काचबिंदू आहे. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब आणि वेळच्या वेळी तपासणी यांनी उरलेली राखायची एवढेच हाती असते. त्यांना दर दोन महिन्यांनी कराडहून मिरजेला न्यावे लागते. शहात्तर वर्षांच्या बाईने हात धरून एस्.टी.च्या पायऱ्या चढायच्या, इस्लामपूर-आष्टा-सांगली करीत जायचे आणि डोळ्यांत औषध घालून अंधूक दिसत असताना पुन्हा तसेच यायचे, हे आम्हाला पाहवेना. आमच्या ह्यांना मोटार चालवण्याची धास्ती वाटते. तेव्हा सारथ्य माझ्याकडे आले.

पावसाळा संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. पेठनाक्यावरून आत वळलो. रस्ता रुंद करण्याचे काम चालले होते. जागोजाग खडी आणि आडवीतिडवी वळणे. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही गाडी करकरते आहे."

मी कान दिला. पुढे यंत्राचा आवाज, वाऱ्याचा आवाज. बाकी काही नाही. परतीच्या वाटेवर त्या पुन्हा म्हणाल्या. आणि घरी आल्यावर, चहा घेता घेता, शांतपणे म्हणाल्या, "गाडीचं काहीतरी सुटत चाललंय. तुला चालवायची आहे, म्हणून सांगते. मी काय, पुढच्या वेळी नाही आले तरी चालेल."

आता ह्या 'नाही आले तरी चालेल'ला काय म्हणावे? डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते की तपासणी एकही चुकवायची नाही.

गाडी जिथून घेतली तिथे नेली. तिथली मुले मोठी अदबशीर. त्यांनी गाडी उचलली, खालून पाहिली, दोघे जण पुढे बसून चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मॅडम, काहीच आवाज नाही." आठवड्याने पुन्हा नेली. पुन्हा दोघे, पुन्हा चक्कर, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनाच बरोबर नेले. त्या बाकावर बसल्या होत्या. त्यातला एक मुलगा माझ्या जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाला, "वयामुळं होतं असं. आजींना भास होत असेल."

आवाज त्याने उतरवला खरा. पण ज्यांचे डोळे जात असतात त्यांच्या कानांना उतरवलेले आवाज आधी ऐकू येतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाटेतही नाहीत. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी दाराची कडी चाचपली, पायऱ्या मोजल्या, आणि आत गेल्या.

मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याच्या वयाला भास दुसऱ्यांनाच होतात. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. ह्या बाईंचा सगळा संसार आता कानावर चालला आहे. दूध उतू जायला आले हे त्यांना आवाजावरून कळते. नातू खोटे बोलतो आहे हेही आवाजावरूनच कळते. डोळे डॉक्टरांनी आधीच अर्धे खोटे ठरवले होते. आता कानही खोटे ठरले, तर माणसाने उभे तरी कशावर राहायचे? तो आवाज सापडायलाच हवा होता. गाडीसाठी जेवढा, त्याहून अधिक त्यांच्यासाठी.

तेव्हा मी एक दोनशे पानी वही घेतली. शिक्षकाला संकटात दुसरे काय सुचणार?

तपासाचा नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी उभी ठेवून यंत्र चालू केले, आवाज नाही. म्हणजे यंत्र सुटले. गुळगुळीत रस्त्यावर नाही, ब्रेक दाबताना नाही. चाकांची शंका घेतली, तर तिथे साधे गणित आहे. लहान मोटारीचे चाक एका फेऱ्यात सुमारे पावणेदोन मीटर जाते. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा फिरते. आवाज चाकाचा असता तर वेगाबरोबर तो घाईला आला असता. सासूबाईंचा आवाज वेगाला जुमानत नव्हता, खड्ड्याला जुमानत होता. मग डिकी रिकामी केली. जॅक, स्टेपनी, हत्यारांची पिशवी, सगळे अंगणात. पुढच्या खणातून चष्म्याचे घर, सुटी नाणी आणि एक विसरलेला खडू काढला. मागच्या पट्ट्यांची बक्कले कापडात गुंडाळली. घरातली एक खडखड ह्यामुळे थांबली, पण करकर तशीच राहिली.

या निमित्ताने मोटारीच्या आवाजांची मला बरीच ओळख झाली. गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा घुंघुं करीत राहतो, तो तिला गार करीत असतो. धुराची नळी निवताना टिक् टिक् वाजते. रात्रभर पाऊस झाला की ब्रेकच्या लोखंडी चकत्यांवर तांबेरा धरतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना खरखर होते. हे सारे निरोगी आवाज. ब्रेक दाबला की रोजच लोखंडावर लोखंड घासल्यासारखे होणे किंवा चाक वळवताना खटखट होणे, ह्यांना मात्र एक दिवसही थांबवू नये. आणि नव्या गाड्यांतच हे बारीक आवाज जास्त का जाणवतात, तेही कळले. १९४८ साली एस्.टी. सुरू झाली तेव्हापासून कित्येक वर्षे आपण ज्या गाड्यांतून फिरलो, त्यांत सगळेच एकदम वाजे. एकटे काही ऐकूच येत नसे. घरात लग्न असले की नळ गळतो आहे हे कुणाला कळते? आताची गाडी शांत, विजेवर चालणारी तर त्याहून शांत. म्हणून एखादा खिळासुद्धा वक्ता होतो. रोल्स-रॉइस कंपनीने १९५८ साली एक प्रसिद्ध जाहिरात केली होती, की साठ मैलांच्या वेगाने जाताना आमच्या गाडीत मोठ्यात मोठा आवाज येतो तो घड्याळाचा. मला ती वाचून हेवा वाटला नाही. त्या घड्याळाच्या आवाजाची तक्रार करणारी एखादी सासूबाई तिकडेही असेलच, असे वाटले.

आवाज कुठून येतो हे सांगणेही सोपे नसते. आताच्या मोटारीचे सगळे अंग पत्रे जोडून एकसंध केलेले असते. एका कोपऱ्यातला आवाज पत्र्यातून धावत दुसऱ्याच कोपऱ्यात बाहेर पडतो. आपले दोन कान डावे-उजवे ओळखतात ते आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो म्हणून, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी मान वळवावी लागते.

एका संध्याकाळी वही घेऊन मी सासूबाईंपुढे बसले. म्हटले, "आई, खडखड होते की टकटक?"

"खडखड नव्हे गं. करकर. नवी वहाण करते ना, तशी."

मी वही मिटली. वीस वर्षे फळ्याशी उभी असलेली बाई मी. करकरीचे मूळ मला ठाऊक असायला हवे, आणि होते. सुटलेली वस्तू आपटते, तेव्हा ती खडखडते. करकर होते ती दोन वस्तू एकमेकींना चिकटून घासतात तेव्हा. खडू फळ्यावर किंचाळतो तो असाच: क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. बिजागरी, नवी कोल्हापुरी, सारंगीवरचा गज, सगळ्यांचे रहस्य हेच धरणे-सोडणे. म्हणजे गाडीचे काही सुटत चालले नव्हते; काहीतरी घट्ट बसलेलेच कुरकुरत होते. आणि वहीत दुसरी एक ओळ होतीच: आवाज येतो तो मागे डावीकडे कुणी बसले असेल तेव्हाच. गाडीवाल्यांची दोन मुले दर वेळी पुढेच बसून गेली होती.

आमच्या पेठेत एक जुने मिस्त्री आहेत. लांब पेचकसाचे टोक यंत्राला लावून मूठ कानाशी धरतात आणि आतले ऐकतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लानेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि त्यातून पुढे डॉक्टरांची नळी आली. मिस्त्रींच्या पेचकसाचे घराणे तेच. त्यांनी माझी वही पाहिली नाही. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवले, स्वतः शेजारी बसले आणि मला म्हणाले, "बाई, त्या गतिरोधकावरनं तिरकी घ्या. सावकाश." तिरकी घेतली की एक चाक आधी चढते आणि गाडीचे अंग किंचित पिळवटते. पिळवटले. सासूबाई म्हणाल्या, "हा बघा."

"कुठनं वाटतोय आजी?"

सासूबाईंनी मान हळूहळू वळवली, आधी डावीकडे, मग मागे, आणि खांद्याच्या वर बोट नेले. "इथून."

मिस्त्रींनी तिथे तळहात दाबून धरला. पुन्हा गतिरोधक, आवाज नाही. हात काढला, करकर. सीटची पाठ सामान ठेवण्यासाठी दुमडता येते; ती उभी अडकून राहावी म्हणून वर कोपऱ्यात खटका असतो आणि भिंतीतून आलेली लोखंडाची कडी त्यात बसते. कुणी पाठ टेकली की खटका केसभर हलून कडीवर घासे. खडीच्या रस्त्याची धूळ आत बसली होती. मिस्त्रींनी धूळ पुसली, कडीला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, उजव्या कडीलाही दिले, आणि म्हणाले, "आजींचा कान लई तयार हाय. आमच्याकडं पाठवा त्यांना." पैसे घेतले तीस रुपये, तेही मी आग्रह केला म्हणून.

सासूबाई त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाल्या, "तीस रुपये!" त्या रकमेचा त्यांना झालेला आनंद खर्च वाचल्याचा नव्हता, हे घरात सगळ्यांनाच समजले.

पुढच्या खेपेला मिरजेत तपासणी लवकर आटोपली. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. एका दुकानात कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवीत होता. त्याला 'जीवा' म्हणतात. तो धागा नेमक्या जागी बसला की तार झंकारू लागते, केसभर इकडेतिकडे झाला की मुकी होते. सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत राहिल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला म्हणाल्या, "बसला." कारागिराने वर पाहिले आणि हसून मान डोलावली.

परत येताना त्या मागे पाठ टेकून बसल्या होत्या. गाडी गप्प होती. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते. खिडकीबाहेरचे त्यांना आता फारसे दिसत नाही. कृष्णेच्या पुलावर चाके सांध्यांवरून जाऊ लागली, टप् टप्, टप् टप्. सासूबाई म्हणाल्या, "पूल आला." पुढे उसाच्या ट्रॉलीची घरघर ऐकून म्हणाल्या, "कारखाने सुरू झाले वाटतं." मग झाडीची सळसळ आली, शाळा सुटल्याचा कलकलाट आला, आष्ट्याच्या बाजारातली ओरड आली, आणि त्या एकेकाचे नाव घेत राहिल्या. इतके दिवस एक करकर त्यांच्या कानाशी पडद्यासारखी लोंबत होती. ती गेली, आणि त्यांच्या बाजूची खिडकी उघडली.