आपल्याला आत सोडतील?

आठवड्याची एकुलती एक सुट्टी चित्रे पाहण्यात घालवणे ही घरच्यांना चैन वाटते. मला ती गरज वाटते. चारकोपहून बसने कांदिवली, तेथून लोकलने चर्चगेट. (रविवारी ब्लॉकचे वेळापत्रक पाहूनच निघावे!) १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाच्या पायरीवर माझ्या मुलीने विचारले होते, ‘बाबा, आपल्याला आत सोडतील?’ तेथे तिकीट नाही. आपण निःसंकोच शिरा, एकाच चित्रापाशी रेंगाळा. चित्रकार पुष्कळदा तेथेच बसलेला असतो, त्याला प्रश्न विचारा. मुलीने विचारले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे सरकवली. जवळच्या कावसजी जहांगीर सभागृहात पूर्वी मैफली होत. १९९६ पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आहे. परतताना दादरला उतरून साबुदाणावडा खावा. सायंकाळी गाण्याची बैठक असल्यास भैरवीपर्यंत थांबावे. त्यानंतरही बोरिवली लोकल मिळते.