शिंदखेड्याचा मुक्काम

शिंदखेडा हे काही सहलीचे ठिकाण नव्हे. थंड हवा, धबधबा, लेणी यांपैकी तेथे काही नाही. धुळे जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे एक स्टेशन. अंगाशी बुराई नदीचे पात्र आणि भोवती कपाशीची काळी शेते. नाशिक-पुण्याच्या माणसाने मुद्दाम उठून तेथे जावे असे सहसा घडत नाही. आम्हीसुद्धा तेथे अर्धाच तास थांबणार होतो. थांबलो दीड दिवस. त्या दीड दिवसाची ही हकीगत.

गोष्ट २००९ सालच्या एप्रिल महिन्यातली. आईला सत्त्याहत्तरावे वर्ष लागले होते. तिचे माहेर शिंदखेड्याचे. मामा वारले, घर विकले गेले, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत ती गावाकडे फिरकली नव्हती. त्या उन्हाळ्यात मात्र तिने एकदम मनावर घेतले. "मुडावदला कपिलेश्वराचं दर्शन घ्यायचं, आणि जाता जाता आमची गल्ली बघायची. मग मी काही मागणार नाही." हे शेवटचे वाक्य आईच्या तोंडून आले, की मुलाला नाही म्हणण्याची सोय उरत नाही.

गाडी आमचीच होती. वडिलांनी १९८८ साली छापखान्याच्या कामासाठी घेतलेली मॅटाडोर. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणारी ही गाडी एके काळी महाराष्ट्रात इतकी रुळली होती, की त्या घाटाच्या कोणत्याही गाडीला लोक मॅटाडोरच म्हणत. शाळेची मुले, लग्नाची वऱ्हाडे, दूध, भाजी, सारे तिच्यातून गेले आहे. वडिलांच्या मागे ती दारात उभी असे. मी आठवड्यातून एकदा चालू करून पाही आणि आपण मोठे कर्तव्य केले असे मानी.

निघण्याच्या आधी नाशिकच्या आमच्या मिस्त्रीने रेडिएटरच्या नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या होत्या. "साहेब, या बदलून घ्या. रबर म्हातारं झालंय," तो म्हणाला होता. त्याला चार दिवस हवे होते आणि मला रविवारी जाऊन सोमवारी परतायचे होते. मी म्हणालो, "आल्यावर बदलू." तेव्हा पुढे जे घडले त्यात गाडीचा दोष काही नव्हता, तो सर्वस्वी माझा होता.

ज्यांना गाडीच्या पोटात काय असते हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिन चालू लागले की तापते. ती उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्याभोवती पाणी खेळवलेले असते. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरात जाते. तेथे वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने परत इंजिनात येते. झाकण घट्ट असल्यामुळे आत दाब राहतो आणि दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. हा सारा ताप आणि दाब हातभर लांबीच्या दोन नळ्यांनी सोसायचा असतो. त्या फुटल्या की हजारो रुपयांचे इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते.

धुळे सोडून आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याने सोनगीरला आलो. सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. तेथून डावीकडे वळून चिमठाण्याच्या वाटेला लागलो. अकरा वाजून गेले होते आणि ऊन चाळीस अंशांच्या पुढे होते. चिमठाणे आले तशी आई खिडकीशी सरसावली. "इथंच खजिना लुटला होता," ती म्हणाली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना येथे साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या आणि खानदेशातल्या क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली होती. "मी बारा वर्षांची होते. कितीतरी दिवस गल्लीत शिपाई फिरत होते. आमची आजी त्यांना पाणी सुद्धा देत नसे." मी नुसते "हं" म्हटले. माझे लक्ष तापमानाच्या काट्याकडे होते. तो चढत होता.

शिंदखेडा दोनतीन किलोमीटरवर आले असेल नसेल, तोच फट् असा आवाज झाला. मॅटाडोरचे इंजिन चालकाच्या शेजारीच, झाकणाखाली असते. त्या झाकणाच्या फटींतून भस्सदिशी वाफ आत आली. मी गाडी कडेला घेतली आणि आईला धरून खाली उतरवले. तिला भाजले नव्हते. पण ती थरथरत होती, आणि सावली म्हणावी असे एकच बाभळीचे झाड होते.

पुढचा अर्धा तास मी जे उद्योग केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. वरची नळी बोटभर उभी चिरली होती. मी तिला रुमाल गुंडाळला, वर विजेच्या तारांची काळी चिकटपट्टी मारली आणि आईच्या पिण्याच्या पाण्यातले अर्धे आत ओतू लागलो. तेवढ्यात एक ट्रॅक्टर येऊन थांबला. "काय व्हयनं भाऊ? गाडी तपी गयी का?" आणि माझ्या हातातली बाटली पाहून तो तरुण ओरडलाच. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. माझ्या हातून तेवढे नुकसान होता होता वाचले. त्याने दोर बांधला आणि आम्ही आईच्या माहेरी ट्रॅक्टरच्या मागे ओढले जात प्रवेश केला.

गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि निंबाचे झाड. मिस्त्री साठीकडे झुकलेले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलेच नाही. आईला खाट टाकून दिली आणि घरात पाण्याची हाळी दिली. आई म्हणाली, "मी आठलीच लेक शे रे भाऊ." तिच्या तोंडून अहिराणी ऐकून मी चमकलो; आमच्या घरी ती कधी बोलली नव्हती. तिने गल्लीचे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले. मिस्त्री म्हणाले, "मंग तं आमनी आत्याच व्हयनी." त्या क्षणापासून ती साऱ्या आळीची आत्या झाली. माझे नाव मात्र कोणी विचारले नाही.

तासाभराने इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी झाकण काढले, आणि उरलेले पाणी टोपात घेऊन धोतराच्या फडक्याने गाळून बाजूला ठेवले. मी म्हणालो, "राहू द्या, नवं भरू." ते हसले. अवर्षणाचा तालुका, त्या वर्षांत गावातल्या नळाला रोज पाणी येत नसे. दारोदार पिंपे आणि टाक्या भरून ठेवलेल्या. अशा गावात टोपभर पाणी, मग ते गंजाचे का असेना, कोणी ओतून देत नाही. मग त्यांनी खालची नळी दाबून पाहिली. "वरची फुटली. ही फुटायची वाट बघतेय." म्हणजे एक नव्हे, दोन नळ्या हव्या होत्या.

मॅटाडोरची नळी शिंदखेड्यात कोठून मिळणार? रविवार असल्यामुळे धुळ्याची दुकाने बंद होती. दोंडाईच्याला फोन लावला. तेथे मिरच्यांचा बाजार मोठा, पण ही नळी नव्हती. गावातल्या एका दुकानदाराने मात्र नाही म्हणण्याऐवजी दुकानातली एकेक नळी माझ्यापुढे मांडली. बागेची हिरवी नळी होती. ती गरम पाण्याने मेणासारखी मऊ पडते. खानदेशात शेतोशेती दिसणारी ठिबकची काळी नळी होती; तीही तापाची नव्हे. विहिरीवरच्या पंपाची जाड नळी होती. ती गार पाणी ओढायला उत्तम, पण वळत नाही. एक नळी पाण्याची, तर एक डिझेलची. एकीचे काम दुसरी करू शकत नाही. पाण्याच्या रबराला तेल लागले की ते फुगते आणि सडते. नळीच्या पोटात एवढे शास्त्र असते हे मला त्या दुपारी समजले. शेवटी त्याने ट्रॅक्टरच्या रेडिएटरची नळी काढली. आत सुताचे विणकाम, वर जाड रबर. ती ताप आणि दाब दोन्ही सोसणारी होती. फक्त भोक किंचित मोठे होते.

मिस्त्रींनी तिचा एक तुकडा वरच्या जागी बेतला. नळीच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून गुंडाळला, त्यावर रबर चढवले आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. वरचे काम झाले. खालची नळी मात्र कोपरासारखी वाकडी होती. सरळ नळी वाकवली तर मोडीवर चिमटते आणि पाणी अडते. मिस्त्रींनी विडी पेटवली, थोडा वेळ गाडीकडे पाहिले आणि मला घेऊन तांबटाकडे गेले.

तांबटाच्या ओसरीवर मोडीत आलेला एक बंब पडला होता. त्याने मोडकी नळी हातात फिरवून पाहिली आणि बंबाच्या पोटाचा पत्रा कापला. "यानं जन्मभर गरम पाणीच सांभाळलंय. याला शिकवावं लागणार नाही," तो म्हणाला. पत्र्याची नळी वळून त्याने सांधा पितळेने झाळला. कथलाचा डाख का नाही, असे मी विचारले. तर पुढे नळी लाल करायची आहे, कथील वितळून जाईल, असे उत्तर मिळाले. मग त्याचा मुलगा बुराईच्या कोरड्या पात्रातून वाळू घेऊन आला. ती कढईत भाजून अगदी सुकी केली. ओल राहिली तर वाफ होऊन नळी फुटते. वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडे बुजवली, नळी लाल केली आणि पाण्यात बुडवली. लोखंड असे बुडवले की कडक होते. तांबे मऊ राहते. मग लाकडी ठोकळ्यावर हळूहळू वाकवले. आत वाळू असल्यामुळे कोठे चिमट पडली नाही. शेवटी दोन्ही तोंडांना बाहेर किंचित ओठ काढला, म्हणजे वर चढवलेले रबर निसटत नाही. दिवेलागणीच्या सुमारास माझ्या हातात तांब्याचे एक तांबडेलाल कोपर आले.

या साऱ्या वेळात आई खाटेवर नव्हती. मिस्त्रींची सून तिला घेऊन गल्ली पाहायला गेली होती. मला बोलवायला एक मुलगाही आला होता. पण नळी तेव्हा भट्टीत होती. "तुम्ही व्हा पुढे, मी येतोच," असे मी सांगून पाठवले. मी गेलो नाही.

रात्री अंगणात कळण्याची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारी शेवभाजी जेवलो आणि धाब्यावर झोपलो. आई उशिरापर्यंत त्या सुनेशी अहिराणीत बोलत होती. मला निम्मे समजत होते, निम्मे नाही. मी विचारले, "घर पाहिलंस?" ती म्हणाली, "नवं बांधलंय त्यांनी. परसातला निंब आहे अजून." एवढेच.

सोमवारी पहाटे मिस्त्रींनी गाळलेले पाणी आधी आत घातले आणि मग नवे. रेडिएटरचे झाकण त्यांनी पुरते न आवळता पहिल्या खाचेवर ठेवले. त्यामुळे आत दाब साठत नाही. पाणी लवकर उकळते, पण नळ्यांवर जोर येत नाही. "हळू जा. वीस-वीस किलोमीटरला थांबा, इंजिन निवू द्या, मगच झाकणाला हात लावा. आणि ही नळी घरापर्यंतच. तिथं अस्सल टाका." नळी, क्लिपा, तांबे, मजुरी मिळून साडेसहाशे रुपये झाले. त्यांनी ते मोजून घेतले. आत्याच्या हातावर मात्र सुनेने खणात बांधलेली मूठभर गावची ज्वारी ठेवली.

मुडावदला पांझरा तापीला मिळते. पांझरेत वाळूच अधिक होती, तापीत पाणी होते. कपिलेश्वराच्या जुन्या दगडी मंदिरात आई पुष्कळ वेळ बसली. या खेपेस मी घड्याळ पाहिले नाही. परतीच्या दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांत दहा वेळा थांबलो. नळीतून एक थेंब गळला नाही.

नाशिकला अस्सल नळ्या मिळाल्या तेव्हा मिस्त्रीने ते कोपर काढून माझ्या हाती दिले. आईने ते चिंचेने घासले आणि देवघराच्या फळीवर ठेवले. तीन वर्षांनी ती गेली. त्याच वर्षी गाडीही विकली. कोपर माझ्याकडे आहे. तांबे मधूनमधून काळवंडते, मग मी चिंच लावतो. ते घासताना दर वेळी मनात येते, की नळी लाल कशी करतात हे मी अगदी जवळून पाहिले. आई आपल्या दारात उभी राहिली, तेव्हा मात्र मी तेथे नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी जुन्या गाड्या काढून बाहेर पडतील. निघण्यापूर्वी इंजिन गार असताना रेडिएटरच्या नळ्या दाबून पाहा. चिकट, फुगीर किंवा भेगाळलेल्या वाटल्या तर "आल्यावर बदलू" म्हणू नका. आणि घरातले कोणी वडीलधारे "मग मी काही मागणार नाही" असे म्हणून एखाद्या गावाचे नाव घेत असेल, तर अर्ध्या तासाचा बेत करू नका. सबंध दिवस काढा, आणि त्यांच्याबरोबर गल्लीपर्यंत चालत जा.