पांगुळगाडा आणि प्रॅम

आमच्या पाथर्डीकडे मूल भिंत धरून उभं राहू लागलं, की सुताराला निरोप जायचा. पुढे एक, मागे दोन अशी लाकडी चाकं आणि धरायला आडवी दांडी, झाला पांगुळगाडा! माझा गाडा थोरल्या भावंडांनी आधीच झिजवलेला. पुढचं चाक कललेलं, त्यामुळे तो हटकून उखळाकडे वळायचा, असं आई सांगे. सारवलेल्या ओसरीवरची त्याची करकर थांबली, की पोर पडलं हे चुलीपाशी कळायचं.

बाबागाडी मी पाहिली ती नगरला शिकायला आल्यावर, भिंगारच्या छावणीत. साहेबी बंगला, समोर गुळगुळीत डांबरी रस्ता. इंग्रजीतली ‘प्रॅम’ म्हणजे ‘पेरॅम्ब्युलेटर’चं आखूड रूप, मूळ लॅटिन क्रियापद हिंडण्याफिरण्याचं. रस्त्याचं अंतर मोजायच्या चाकालाही इंग्रज सर्वेक्षक हेच नाव देत. प्रॅम नावाची होडीही असते, पण ती डच ‘प्राम’च्या घराण्यातली. सपाट बुडाची, पुढून नाक कापल्यासारखी बोथट. दोघींचं रक्ताचं नातं नाही. तरी योगायोग पाहा, जगभर पोरांना शिडाची होडी शिकवतात ती ऑप्टिमिस्ट, क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडात बनवलेली, याच बोथट घाटाची आहे.

लेकीसाठी मी हौसेनं बाबागाडी घेतली. जुन्या नगरात फूटपाथ म्हणजे दुकानदाराचा ओटा, त्याखाली गटार, उरलेल्या जागेत मोटारसायकली. चारच दिवसांत लेक कडेवर आणि गाडीत मेथीच्या जुड्या! रस्ते नसतील तर गाडीला दोष देऊन काय उपयोग? पण माझा कल तेव्हापासून पांगुळगाड्याकडेच आहे. प्रॅममध्ये चालतो तो ढकलणारा, बाळ सरदारासारखं बसून. पांगुळगाड्यामागे बाळालाच पाऊल टाकावं लागतं.

नातवाला कुणीतरी बसका, गोल प्लॅस्टिकचा वॉकर आणला. मी तो माळ्यावर टाकला. जिन्यावरून मुलं त्याच्यासकट गडगडतात, म्हणून कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.

पांगुळगाडा अजूनही जत्रेत मिळतो. घ्यायचा झाला तर चाकांच्या खिळ्यांवरून आणि दांडीच्या कडांवरून आधी स्वतःचा हात फिरवून बघा, आणि बाळ चालताना चार पावलांवर राहा.