हौस कुणाची, रोज कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक पोरगा गुडघ्याला पट्टा बांधून ओट्यावर येऊन बसला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करतो, सुट्टीत पिरंगुटच्या एका कारखान्यात रोजंदारीवर जातो. म्हणाला, "काका, जत्रेत बक्षिसावर खेळलो म्हणून सर रागावले. पैशासाठी खेळतोस, खेळावर प्रेम नाही का, म्हणाले."

वाट्याला आले होते बाराशे रुपये.

मी कारकुनी करणारा, बी.कॉम. झालेला माणूस. मला आधी जमाखर्च दिसतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तीन रोज बुडाले, तिथेच गुडघा गेला. जमेला प्रवासखर्च, वडापाव आणि प्रमाणपत्र. तपासणीसाठी आईने बचत गटातून कर्ज काढले. चषक कॉलेजच्या कपाटात.

पैसे न घेता खेळेल तोच खरा खेळाडू, ही रीत घरात धान्य भरलेल्यांनी पाडली. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये बिनपगारी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' असा भेद थेट १९६२ पर्यंत होता. आपल्या पुण्यात पालवणकर बाळू यांनी महिना चार रुपयांवर गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखले, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघात घेतले, तरी चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. (१९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. ते दुखते, पण म्हणून त्यांचा घाम खोटा ठरत नाही.)

कबड्डीच्या देशपातळीवरील संघटनेने 'अ‍ॅमॅच्युअर' म्हणजे हौशी हे नाव धारण केले, आणि २०१४ पासून त्याच खेळात खेळाडूंचे लिलाव होतात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर अफाट पैसा मिळतो. तिथे २०२१ मध्ये खेळाडूंना जाहिरातीतून कमाईची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजे त्यांना थेट पैसे देऊ शकतात.

आमच्या मुळशीतल्या कॉलेजला टीव्हीचे पैसे येत नाहीत, हे मला कळते. पगार कुणी मागत नाही. बुडालेला रोज आणि दुखापतीचा विमा, एवढेच मी अर्जात लिहिले.

सही करता करता पोरगा थांबला. "काका, जत्रेचे बाराशे परत करावे लागतील का? ते आईने गटाच्या हप्त्याला भरलेत."