रस्त्याखाली गेलेल्या पायऱ्या

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरात एके काळी आम्ही नऊ भावंडं वाढत होतो. काही सख्खी, काही चुलत, आणि शिक्षणासाठी येऊन राहिलेली दोन आतेभावंडं. आता कुणी पुण्यात आहे, कुणी बेंगळुरूत, आत्याकडची दोघं परत निपाणीला. गणपतीला सगळे जमलो की आरती, जेवण आटोपतं आणि बोलणं हमखास पाण्यावर येतं. विहिरीच्या पाण्यावर, नळाच्या पाण्यावर, आणि २०१९ साली माजघरात शिरलेल्या पाण्यावर.

टिळकवाडीचं आणि पाण्याचं नातं जुनं आहे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची सगळी उभारणी केली. आलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून त्या वेळी मोठी विहीर खोदली, तीच आजची काँग्रेस विहीर. आमच्या परसातली विहीर त्या मानाने लहान, पण घराचा कारभार तिच्यावर चाले. आषाढात पाणी इतकं वर येई की रहाटाची गरज नसे, कठड्यावरून वाकून कळशी बुडवता येई. आजी रोज सकाळी विहिरीत डोकावायची आणि दगडाच्या कोणत्या थराला पाणी लागलंय ते पाहून यंदाच्या पावसाचा अंदाज सांगायची. चैत्रात पाणी किती खाली जाईल हेही तिला ठाऊक असे. राकसकोप धरणाचं पाणी नळाने घरात आलं आणि ही नजर हळूहळू गेली. शेजारच्या घरांतल्या विहिरी आधी कचऱ्याच्या झाल्या, मग बुजल्या, मग त्यांच्यावर गाडीसाठी शेड आलं. नळाचं पाणी मात्र रोजचं दिवसाआड झालं, पुढे उन्हाळ्यात आठवड्यावर गेलं. नव्वदच्या दशकातल्या टंचाईत महापालिकेला शहरातल्या जुन्या विहिरी उपसून घ्याव्या लागल्या, त्यात काँग्रेस विहीरही होती.

आमच्या लहानपणी भीतीचा मोठा दिवस एकच, ११ डिसेंबर १९६७. पहाटे चारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. बेळगाव तिथून लांब, तरी फडताळातली भांडी खणखणली आणि मंगळुरी कौलं सरकून एकमेकांवर वाजली. घरातल्या मोठ्यांपैकी तात्यांनी आम्हा सगळ्यांना गोधड्यांसकट उचलून अंगणात आणलं. पुढच्या काही रात्री सारी गल्ली अंगणातच झोपली. कुणाच्या चुलीवर चहा, कुणाच्या चुलीवर पिठलं-भात, असं आळीपाळीने चाललं. वाड्यातला भाडेकरू आणि बंगल्यातला वकील शेजारी शेजारी अंथरूण टाकत. कोयनानगरात मात्र घरं कोसळली होती, माणसं गेली होती. हा भूकंप कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठवलेल्या पाण्यामुळे झाला असावा, असं पुढे शास्त्रज्ञ सांगू लागले, आणि आता धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतलं जातं. ज्या पाण्यावर कारखाने आणि दिवे चालले, त्याच पाण्याने जमीन हलवली. वीज मुंबई-पुण्याला गेली, मृत्यू खोऱ्यातल्या गरिबाच्या घरी आला, असं तात्या पुष्कळ वर्षं म्हणत राहिले.

असंच निपाणीचं. आत्याच्या घराजवळ तंबाखूची वखार होती. सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस आम्ही शिंकत असू. बायका तोंडाला पदर घट्ट बांधून दिवसभर तंबाखू चाळायच्या. संध्याकाळी त्या बाहेर पडत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर पिवळट धूळ बसलेली असे. त्या पिकाने गावात पैसा आणला, बंगले उठले. खोकला मात्र बायकांच्या वाट्याला आला. पिकवणाऱ्यालाही भाव मिळेना, म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला आणि गोळीबारात शेतकऱ्यांना जीव गमवावा लागला. आतेभाऊ तेव्हा कॉलेजात होता. त्या दिवसांबद्दल तो अजूनही फार बोलत नाही.

आमच्या घराचा किस्सा मात्र पायऱ्यांचा आहे. फाटकापासून ओसरीपर्यंत पाच काळ्या दगडी पायऱ्या होत्या, रस्त्यापासून वर चढणाऱ्या. पावसाचं पाणी रस्त्यावरून वाहायचं, ओसरी कोरडी. मग दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबर पडू लागलं. जुना थर खरवडून काढायची पद्धत नव्हती, नवा त्याच्यावरच. मधल्या काकांच्या लग्नात वरात पाच पायऱ्या चढून आली. धाकट्याच्या मुंजीत चार उरल्या होत्या. आजी गेली तेव्हा तीन. थोरल्या वहिनी घरात आल्या तेव्हा दोन, माप ओलांडतानाचा फोटो आहे, त्यात मोजता येतात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं. आनंद आम्हालाही झाला होता. पुढे काँक्रीटचा रस्ता आला आणि ओसरी रस्त्याच्या खाली गेली.

पाणी जिरायची जागाही तोवर उरली नव्हती. अनगोळ, शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात आम्ही भाताची रोपं लावताना पाहिलेली. भात पोटरीला आला की बासमतीचा वास बांधावर उभं राहूनही येई. जुलैत बळ्ळारी नाला फुगायचा आणि पाणी शेतांतून पसरायचं, चार-सहा दिवसांनी उतरायचं. आता त्या बाजूला वसाहती झाल्या, नाला गाळाने आणि अतिक्रमणाने आवळला, आणि उरलेल्या शेतांत पाणी इतकं तुंबतं की लावलेलं भात कुजून पुन्हा लावणी करावी लागते. हलगा-मच्छे बायपास याच पिकाऊ जमिनीतून नेण्याला शेतकरी वर्षानुवर्षं विरोध करत आले, रस्त्यावर आणि कोर्टातही. त्यांची बाजू आम्हाला मनापासून पटते.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेना. रात्री रस्त्यावरून पाणी ओसरीत उतरलं, मग माजघरात. वहिनींनी तांदळाचा डबा देवघराच्या कट्ट्यावर ठेवला, सिलिंडर दोरीने खिडकीच्या गजाला बांधला. घरातल्या जुन्या वह्या खालच्या फळीत होत्या, त्या गेल्या. पुण्याहून भाऊ निघाला, पण कोल्हापूरजवळ पंचगंगेने आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने महामार्ग बंद केलेला. समोरच्या नव्या अपार्टमेंटचं जोतं उंच, तिथे फक्त पार्किंग ओलं झालं. तिथल्या मुलांनीच येऊन आमच्या ट्रंका वर नेल्या, हे उपकार विसरणार नाही. तरी भूकंपाच्या रात्रीपेक्षा ही रात्र वेगळी होती. तेव्हा सगळी गल्ली एकाच भीतीत होती. आता कुणाचं घर किती उंचावर आहे, त्यावर भीतीची वाटणी झाली. जुनी घरं आणि नाल्याकाठचा शेतकरी यांच्या वाट्याला तिचा मोठा हिस्सा आला. विकास नको असं आम्ही कुणीच म्हणत नाही. नळ, रस्ते, पूल आम्हालाही हवेत. विकासाचा धोका मात्र नेहमी खालच्या अंगाला राहणाऱ्यावरच लोटला जातो, आणि हे पावसाने होत नाही, माणसांच्या निर्णयांनी होतं.

म्हणून महापालिकेकडे एवढंच मागणं आहे: नवा रस्ता करताना आधी जुना थर खरवडा, दोन्ही बाजूंच्या घरांचं जोतं मोजा, आणि बळ्ळारी नाल्याची जुनी रुंदी कागदावर आहे तशी जमिनीवर मोकळी करा. पाणी पूर्वी कुठून वाहत होतं हे बोट दाखवून सांगणारी सत्तरी ओलांडलेली माणसं टिळकवाडीत, अनगोळात, वडगावात अजून आहेत. पुढच्या कामाचा नकाशा काढण्याआधी त्यांना बोलावून विचारा.