तीन कुलपांची पेटी

नायजर देशाच्या दक्षिणेला, नायजेरियाच्या सीमेलगत मरादी हे व्यापारी शहर आहे. भोवतालचा मुलूख सहाराच्या कडेचा. पाऊस वर्षातून जेमतेम तीन-चार महिने आणि त्यावर येणारे मुख्य पीक बाजरीचे. सुगी आटोपली की पुष्कळ पुरुष मजुरीसाठी परमुलखात जातात. मागे राहिलेल्या स्त्रीच्या हाती रोख पैसा नसतो. मूल आजारी पडले की ती सुगीच्या पडत्या भावाने धान्य विकते आणि पुढे कणगी रिकामी झाली की तेच धान्य चढ्या भावाने विकत घेते. या व्यवहारातला तोटा व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

१९९१ साली ‘केअर’ या सेवाभावी संस्थेने मरादीच्या खेड्यांत एक उपक्रम सुरू केला. त्याचे हौसा भाषेतील नाव ‘माता मासू दुबारा’, म्हणजे हिकमती स्त्रिया. (हौसातील ‘माता’ म्हणजे आई नव्हे, स्त्री.) भिशी तेथेही जुनीच होती, पण भिशीत पैसा पाळीपाळीने एकेकीच्या हाती जातो, अडचण मात्र पाळी पाहून येत नाही. म्हणून गटाने दर आठवड्याला ठरलेली लहान रक्कम पेटीत टाकावी, त्यातून गरजवंत सभासदेला कर्ज द्यावे, व्याज पुन्हा पेटीतच यावे आणि वर्षाअखेरीस सारे वाटून घ्यावे, अशी रीत बसवली. पुढे ती युगांडा, मलावी, टांझानिया अशा अनेक देशांत पसरली. पेटीला तीन कुलपे असतात. किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीकडे.

संस्थेचा खर्च होतो तो शिकवणाऱ्या माणसांवर. पेटीत ती एक फ्रँकही टाकत नाही. हे वरकरणी कठोर वाटते, पण त्यातच शहाणपण आहे. देणगीदाराचा पैसा बुडाला तर कोणास झोंबत नाही. शेजारणीचा बुडाला तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाब द्यावा लागतो.

हिशेबाची पद्धत तर विलक्षणच. मरादीच्या आरंभीच्या गटांतील बहुतेक स्त्रिया निरक्षर. बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगितली जाई आणि सर्वजणी ती ध्यानात ठेवत. पुढच्या बैठकीस तोच आकडा आधी म्हणावयाचा आणि मग पेटी उघडावयाची. खतावणी नाही, पण लेखापरीक्षण दर आठवड्यास!

व्याज दरमहा पाच ते दहा टक्क्यांपर्यंत असते. बँकेच्या दृष्टीने हा दर भयंकर, परंतु ते सावकाराच्या घरी न जाता सभासदांकडेच परत येते. कर्जातून शेंगदाणे घ्यावयाचे, भाजून, कुटून, मळून तेल काढावयाचे आणि उरलेल्या पेंडीच्या कांड्या तळून ‘कुली-कुली’ म्हणून बाजारात विकावयाच्या, हा त्या भागातील स्त्रियांचा परिचित धंदा.

तरीही या पेटीने दारिद्र्य हटते असे मानणे धाडसाचे. घाना, मलावी व युगांडा येथील अशा गटांचा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. धंद्यात आणि घरातील स्त्रीच्या शब्दाला मिळणाऱ्या वजनात सुधारणा दिसली. कुटुंबाचा सरासरी उपभोग वाढल्याचे मात्र आढळले नाही.

शिवाय जिच्याकडे आठवड्याला टाकावयास काहीच नाही, ती पेटीपर्यंत पोहोचतच नाही. उत्तर केनियातील मार्सबितच्या रखरखीत प्रदेशात ‘बोमा’ ही संस्था अशा स्त्रियांसाठी उलट वाटेने जाते. तिघींचा गट करून धंद्यासाठी परत न घेण्याचे भांडवल देते, दोन वर्षे मार्गदर्शन करते आणि बचतीची सवय लावते. यातून साखर, चहा, मक्याचे पीठ विकणारी लहान दुकाने उभी राहतात. स्वाहिलीत दुकानाला ‘डुका’ म्हणतात, आपल्या शब्दाचाच सहोदर. गिऱ्हाईक गुरे-शेळ्या पाळणारे. दुष्काळ पडला, जनावरे रोडावली की त्यांची विक्री थांबते आणि उधारी थकते. अशा वेळी कोणास माल द्यावयाचा आणि कोणास नकार, हा निर्णय त्या तिघींनाच घ्यावा लागतो.