पत्र्याखालचा उन्हाळा

जळकोटमधलं आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं अशाच भिंतींखाली, अशाच मातीखाली गाडली गेली. आमचं गाव तिथून दूर, पण त्यानंतर माळवदाखाली कुणाला झोप येईना. अब्बांनी माती उतरवली, भिंती कमी केल्या आणि वर पत्रे टाकले. निर्णय योग्यच होता. डोक्यावरचं वजन कमी करणं भाग होतं. मात्र मातीबरोबर घरातला गारवाही उतरला, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं.

मातीचा जाड थर हळूहळू तापतो, म्हणून दुपारी आत गार असतं. पत्रा सकाळी दहालाच तापतो आणि ती धग थेट खाली सोडतो. मग पंखा कितीही जोरात फिरवा, तो वरची गरम हवाच अंगावर ढकलतो.

हा त्रास घरात सगळ्यांना सारखा होत नाही. पुरुष दुपारी लिंबाखाली बसतात, मशिदीच्या ओसरीत पाठ टेकतात. रात्री अंगणात बाज टाकतात. बायकांना, लेकीबाळींना आणि आजारी माणसाला पत्र्याखालीच राहावं लागतं, त्यात चुलीची आच वेगळी. 2018 आणि 2019 मध्ये रमजान मे-जूनमध्ये आला. अम्मीला रक्तदाबाचा त्रास. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, हे आम्ही तिला परोपरीने सांगत होतो, ती ऐकत नव्हती. एका दुपारी जोहरच्या नमाजनंतर ती मुसल्यावरून उठता उठता कोसळली. अल्लाहच्या कृपेने थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "यांना थंड जागी ठेवा." थंड जागा चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

भाईजान म्हणाले, हप्त्याने कूलर घेऊ. भाभींनी विचारलं, "पाणी कुठून आणायचं?" ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात हा प्रश्न चुकीचा नव्हता. शिवाय वीजबिल. घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटांचा जवळजवळ दुप्पट. आमचं घर उन्हाळ्यात शंभर ओलांडायचं आणि मग किराणा की अम्मीच्या गोळ्या, हा हिशेब सुरू व्हायचा.

शेवटी ठरलं, आधी छप्पर, मग पंखा आणि त्यानंतरही गरज उरली तर कूलर. पत्र्याचा गंज घासून त्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. नुसता चुना स्वस्त पडतो, पण पत्र्यावरून तो पहिल्या पावसात वाहून जातो. पूर्वी आम्ही कडबा पसरायचो. त्याने गारवा मिळतो, पण एक ठिणगी पडली की घर जातं. आतून थर्मोकोल लावण्यातही हाच धोका. रंग दिल्यावर खोली काही महाबळेश्वर झाली नाही. पण दुपारी पत्र्याची धग डोक्यात शिरायची, ती कमी झाली आणि अम्मी आत पडू शकली. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला. तिथल्या गरीब वस्त्यांतही पुढे छपरांना पांढरा रंग देण्यात आला. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर 2023 मध्ये अशा थंड छपरांचं धोरणच आणलं.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. जुना पंखा साधारण 75 वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, दोन पंख्यांमागे चाळीस. 130 युनिट वापरणारं घर एवढ्यानेच शंभरच्या आत येतं. पंखा अडीच-तीन हजारांचा, म्हणून आम्ही एका वर्षी एकच घेतला. 2024 पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरावरच्या एक किलोवॅट सौर संचाला 30 हजार रुपये अनुदान आहे. पण त्यासाठी छप्पर मजबूत आणि स्वतःचं हवं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी घरमालकाशी बोलणं हाच मार्ग. रंग भाडेकरूने मारावा, सामान मालकाने द्यावं, असं आमच्या गल्लीत एका घरी जमलं.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखाही त्याच इसराफमध्ये येतो. पण जिथे वाया घालवायला काही नाहीच, तिथे काटकसरीचा उपदेश करून काय उपयोग? रमजानमध्ये आपण शिधा वाटतो, कपडे देतो, ते द्यावंच. यंदा सदक्याच्या रकमेतून मोहल्ल्यातल्या एखाद्या विधवेच्या पत्र्यालाही रंग द्यावा. चार तरुण आणि एक सकाळ पुरते. शिडी आमच्याकडे आहे, ज्यांना हवी त्यांनी न्यावी. होळीनंतर उन्हं वाढतात, त्याआधी काम उरकलेलं बरं.